अंतरा इंजेक्शन: औषध चोख, समजावणं अपुरं

पाळणा लांबवायचा असेल तर मुंबईतल्या सरकारी दवाखान्यांत फुकट मिळणारं ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन खरंच चांगलं आहे. 150 मिलिग्रॅम, दर 3 महिन्यांनी. आधी बीपी तपासून घ्या. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायचीही नाही; औषध लवकर पसरतं आणि असर कमी होतो. तारीख चुकलीच तर 4 आठवड्यांपर्यंत पुढचा डोस चालतो.

घोडं अडतं ते समजावण्यात. सुरुवातीला पाळी अनियमित होते, मधेच डाग दिसतात, पुढे पाळी बंदही होऊ शकते. हे आधी सांगितलं नाही की बाई घाबरते आणि दुसऱ्या डोसला फिरकत नाही. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला साधारण 7 ते 10 महिने जातात, हेही कार्डावर लिहून द्यायलाच हवं.

समजावण्याने काय साधतं, ते मुस्लिम देश असलेल्या इराणात दिसतं. तिथे 1980 च्या दशकाच्या मध्यावर बाईमागे सुमारे सहा मुलं होती, 2000 च्या आसपास दोन. साधनं मोफत होतीच, पण 1989 च्या कार्यक्रमात ती गावातल्याच ‘बेहवर्ज’ सेवकांनी लोकांपर्यंत नेली, लग्नाआधी जोडप्यांचे वर्ग झाले, धर्मगुरूंनीही पाठिंबा दिला. जन्मदराची घसरण तर त्याआधीच लागली होती: मुली शिकत होत्या, बाळं जगत होती. मुंबईतल्या गोवंडी-कुर्ल्याच्या मुस्लिम वस्त्यांकडे बोट दाखवून ‘धर्म आडवा येतो’ म्हणणाऱ्यांनी हे नीट बघावं.

औषधाला पाचपैकी साडेचार, समुपदेशनाला दोन.