छताकडे लेन्स केली की लेव्हल गायब : नऊ महिने वापरल्यावर

या कॅमेऱ्याचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत, त्यात जात नाही. फोकस, बॅटरी, रंग, कशाचीच तक्रार नाही. तक्रार एकाच गोष्टीची, आणि नेमक्या तिच्यासाठीच मी स्वस्तातलं मॉडेल सोडून हे घेतलं: स्क्रीनवरची इलेक्ट्रॉनिक लेव्हल, म्हणजे कॅमेरा सरळ आहे की तिरका हे दाखवणारी रेघ.

मी छतांचे फोटो काढतो. गोव्यातल्या तांबडी सुर्लाच्या महादेव मंदिरात मंडपाच्या चार खांबांवर पेललेल्या छतात दगडी कमळ कोरलंय. बाराव्या शतकातलं, कदंबकालीन काम. त्याच्याखाली कॅमेरा थेट वर केला आणि लेव्हलची रेघ गेली. खाली आणला की परत हजर. घरी येऊन पाहिलं तर कमळाभोवतीची चौकट एका बाजूला फाकलेली.

सर्व्हिस सेंटरला फोंड्याहून पणजीला दोन खेपा झाल्या. सोळा दिवस कॅमेरा तिथे, तपासणीचे 590 रुपये, आणि कागदावर ‘दोष आढळला नाही’. का होतं, ते काउंटरवर कोणीही सांगितलं नाही. त्याचा राग अजून आहे.

कारण मला नंतर उमगलं. ही लेव्हल गुरुत्वाकर्षणावर चालते. लेन्स थेट आकाशाकडे असताना कॅमेरा स्वतःभोवती कितीही फिरवा, गुरुत्वाकर्षणाच्या लेखी काहीच बदलत नाही. मग रेघ डावी-उजवी ठरवणार कशावरून? तेव्हा ‘बिघाड’ हा माझा शब्द मी मागे घेतो. पण सेन्सर पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे किती कललाय हे तर कळू शकतं. माझ्या फोनमध्ये दोन फुल्या येतात, एकीवर एक बसल्या की झालं. फोनला जमतं ते एवढ्या महाग कॅमेऱ्यात का नको?

शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून 140 रुपयांची गोल लेव्हल आणली. लेन्सला टोपी लावायची, टोपीवर लेव्हल ठेवायची, बुडबुडा मधल्या वर्तुळात आणायचा, मग टोपी हलकेच काढून फोटो. मूळ टोपीवर कंपनीचं उठावाचं नाव आहे, त्यावर लेव्हल डुगडुगते, म्हणून साधी सपाट टोपी वेगळी घेतली. लेव्हल अर्धी फिरवून पुन्हा बघा; बुडबुडा जागचा हलला तर लेव्हलच खोटी.

पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत तिपाईला परवानगी लागते. मी कॅमेरा जमिनीवर उताणा ठेवतो, खाली उकड्या तांदळाची छोटी पिशवी. व्ह्यूफाइंडरचं रबर मागे आलेलं असतं, ते तांदळात बसतं आणि कॅमेरा बोटाने हवा तेवढा कलवता येतो. दहा सेकंदांचा टायमर लावून बाजूला व्हायचं.

एवढा आटापिटा एका अंशासाठी? हो. फुल फ्रेमवर, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवर, 16 मिमी लेन्स लांबीच्या दिशेने एकच अंश कलली, तर सपाट छताची एक कड समोरच्या कडेपेक्षा सुमारे 4 टक्के मोठी येते. चौकोनात ते लगेच डोळ्यांत खुपतं. उलट कॅमेरा समतल असेल आणि तुम्ही मध्यापासून हातभर सरकलेले असाल, तर चौकोन चौकोनच राहतो, फक्त फ्रेममध्ये बाजूला जातो. तो कापून मध्यात आणता येतो. खोल कोरीव कामात मात्र पाकळ्यांची एकच बाजू जास्त दिसते, तिथे मध्य शोधावाच लागतो. जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस असिसी चर्चमध्ये छत कमानदार, तिथे मी लेव्हल झाली की कॅमेरा फिरवून फ्रेमची कड चर्चच्या लांबीशी जुळवतो. ते काम कुठलीच लेव्हल करत नाही, स्क्रीनवर ग्रिडच्या आडव्या-उभ्या रेघा लावून डोळ्यांनीच करायचं.

चवथीला घरच्या माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळांच्या लाकडी चौकटीचा, फोटो याच पद्धतीने खालून घेतला. बुडबुडा बरोबर मध्यात, तरी माटोळीची चौकट वाकडी! तीनदा घेतला, तिन्ही तसेच. 140 रुपयेही पाण्यात गेले म्हणून मी चिडलो. दादा म्हणाला, “लेव्हल माटोळीला लावून बघ की.” स्टुलावर चढून लाकडी चौकटीवर ठेवली. नारळ आणि पोफळांचे घोस होते त्या बाजूची दोरी ओझ्याने उतरली होती. दादाने ती दोन बोटं वर ओढून बांधली. चौथा फोटो चोख चौकोनी आला, तोच आता ओसरीवर लावलाय.