व्हीएचएफ आणि जीपीएसचे अँटेना: डोलकाठीवर की केबिनच्या टपावर?

कोकण किनाऱ्यावरच्या यांत्रिक मासेमारी नौकेवर व्हीएचएफ रेडिओ (नौकांमधील बोलण्याचा बिनतारी संच) आणि जीपीएस एकत्र बसवताना दोन्ही अँटेना डोलकाठीच्या टोकाला नेण्याकडे अनेकांचा कल असतो. जितकी उंची जास्त तितके चांगले, हा हिशेब रेडिओला लागू पडतो; जीपीएसला मात्र तो लागू पडत नाही.

व्हीएचएफच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून त्यांचा पल्ला पृथ्वीच्या गोलाईने ठरतो. अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की त्याचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते, आणि दोन नौकांच्या क्षितिजांची बेरीज हा त्यांच्या बोलण्याचा साधारण पल्ला होय. टपावर, पाण्यापासून ४ मीटरवर, हे क्षितिज सुमारे ८ किलोमीटर असते, तर डोलकाठीवर ९ मीटरला ते १२ किलोमीटर होते. चॅनेल १६ वर मदत मागणाऱ्या खलाशांसाठी हे चार किलोमीटर फार मोलाचे असतात, म्हणून व्हीएचएफपुरती माझी पसंती निःसंशय डोलकाठीला आहे.

या पसंतीची किंमत केबलच्या रूपाने मोजावी लागते. आरजी-५८ ही बारीक केबल १५ मीटर टाकली, तर २५ वॉटच्या संचाची जवळजवळ निम्मी शक्ती वाटेतच जिरते. जाड आरजी-२१३ वापरली, तर साधारण पाव भागच जातो. त्यामुळे बजेट तोकडे असेल तर महागड्या अँटेनापेक्षा आधी चांगल्या केबलवर खर्च करावा. शिवाय ६ डीबीचा (डीबी म्हणजे डेसिबल; आकडा जितका मोठा तितका अँटेना लहरी अधिक एकवटतो) लांब अँटेना लहरी अरुंद पट्ट्यात पाठवतो आणि नौका कलली की तो पट्टा आकाशात किंवा पाण्यात जातो, म्हणून लहान नौकेला ३ डीबीचा, सुमारे एक मीटर लांबीचा अँटेना अधिक योग्य ठरतो.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असल्यामुळे पाच मीटर वर गेल्याने काहीही साधत नाही. उलट, नौका १५ अंश कलली की ९ मीटर उंचीवरचा अँटेना बाजूला सव्वादोन मीटरहून अधिक झुलतो आणि जाळे टाकून उभ्या असलेल्या नौकेचाही वेग व दिशा पडद्यावर सारखी बदलत राहते. टपावर हा झोका जेमतेम एक मीटरचा असतो. तेथे मोकळे आकाश दिसेल अशी जागा निवडावी, व्हीएचएफच्या अँटेनापासून किमान एक मीटर अंतर ठेवावे, आणि रडार असेल तर त्याच्या किरणांच्या पातळीत अँटेना येऊ देऊ नये.

जागा कोणतीही निवडली तरी खारे पाणी सांध्यातूनच आत शिरते, म्हणून प्रत्येक कनेक्टरवर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी आणि केबल केबिनमध्ये शिरण्यापूर्वी तिला खाली वळसा द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाईल.