सोयाबीनवर इमॅझेथापायर हे तणनाशक मारलं त्याला चार महिने झाले, तणांतला सावा गेला, केना हसतोय

ह्या खरीपात पहिल्यांदाच इमॅझेथापायर १० टक्के वापरलं, आधी आमच्या सांवेरकडच्या शेतात कोळपं (इकडे डोरा म्हणतात) आणि निंदणीच चालायची, पण आता इंदूरच्या आसपास निंदायला बायका मिळतात कुठे. दुकानदार म्हणाला, भिया सब साफ हो जाएगा. सब काही झालं नाही.

पेरणीनंतर अठराव्या दिवशी मारलं, एकरी ४०० मिली, २०० लिटर पाणी, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३० मिली. जमीन ओली होती ते बरं, कारण हे पानातून पण जातं आणि मुळातून पण. तिसऱ्या दिवशी सगळं हिरवंगार, काका म्हणाले पाणी विकलं तुला. पण हे तण जाळत नाही, आतलं एक एन्झाइम बंद पाडतं, मग ल्युसीन, व्हॅलिनसारखी अमिनो आम्लं बनत नाहीत, वाढ थांबते आणि जीव जायला दोन-तीन आठवडे लागतात. सावा दोन-तीन पानांवर होता, पोंगा (मधलं कोवळं पान) आधी पिवळा मग जांभळट, आणि गेला. धुऱ्याजवळच्या तीन ओळी राहिल्या होत्या तिथे तिसाव्या दिवशी मारलं, तेच माप, पण फुटवे आलेले, तिथला सावा नुसता खुजा राहिला आणि नंतर लोंब्या पण काढल्यान्.

केन्याचं पान जरासं वाकडं झालं, बास. एक उपटला तर मुळाशी पांढरे कोंब आणि त्यांना बंद फुलं, म्हणजे हा मातीच्या आत पण बी धरतो! वर पेरं तुटून ओल्या मातीत पडलं की परत मुळं फुटतात. लव्हाळा, इकडचा मोथा, पिवळा पडला, वाटलं संपला, महिन्याभरात परत वर, खाली गाठींची माळच असते ना.

सोयाबीन पण पाच-सहा दिवस पिवळट होतं, मी घाबरलो, मग सावरलं, ते हे औषध स्वतःच लवकर मोडून टाकतं. कडेच्या मक्यावर थोडा फवारा उडाला, ती ओळ मात्र बसली ती बसलीच.

आणि हे कोणी दुकानात सांगत नाही, जमिनीत ते बरेच महिने राहतं, पुढच्या बटाट्या-मोहरीला त्रास होऊ शकतो. बटाट्याचा बेत होता, तो सोडून हरभरा पेरला, उगवण छान आहे.

पुढच्या वर्षी परत घेईन, पण वीस दिवसांच्या आतच मारीन. केन्यासाठी दोन बायकांना आत्तापासूनच सांगून ठेवलंय.