पोटाच्या बायपासनंतर आधार कुणाचा: दवाखान्यातली बैठक, फोनवरचा गट की घर?

इंदुरात आमच्या नात्यागोत्यात ‘बायपास’ म्हटलं की माणसं छातीवर हात ठेवतात. चार वर्षांपूर्वी मी ऑपरेशन करून घरी आले, तेव्हा लोकमान्य नगरातल्या एक मावशी शहाळं घेऊन भेटायला आल्या आणि यांना दाराशीच गाठून हळूच विचारू लागल्या, ‘किती ब्लॉकेज निघाले हो?’ वजनासाठी पोटाचाही बायपास करतात हे त्यांना सांगून झालं, मग शेजारी, मग नणंदेच्या सासरी. आणि प्रत्येक ठिकाणी पुढचा प्रश्न ठरलेला: ‘अगं, पण त्यापेक्षा जरा कमी खाल्लं असतं तर?’ तो प्रश्न फार लागायचा. विचारणारी माणसं मायेचीच होती. पण माझ्या शरीराचं काय चाललंय हे त्यांना कळण्यासारखं नव्हतं, आणि ज्यांना कळेल अशी माणसं मला शोधावी लागणार होती.

तुम्ही सर्जन ठरवला असेल, तारीखही घेतली असेल. त्याच्या जोडीनं हेही ठरवा, की पुढे बोलायचं कुणाशी. मी तीनही वाटा वापरल्या आहेत, त्यामुळे कुठली कशाला कामी येते ते अनुभवानं सांगू शकते.

आधी एवढं लक्षात घ्या, की हा आधार दोन-तीन आठवड्यांचा नाही. या ऑपरेशनात जठराचा वरचा भाग वेगळा करून साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढी पिशवी करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग थेट तिला जोडतात. उरलेलं जठर आणि आतड्याची सुरुवात अन्नाच्या वाटेतून बाजूला पडते. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः त्या सुरुवातीच्या भागातच शोषलं जातं, आणि बी-१२ अंगी लागायला जठर लागतं. म्हणून गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर. वजन पहिल्या सहा महिन्यांत झपाट्यानं उतरतं, वर्ष-दीड वर्षापर्यंत उतरत राहतं, आणि पुढे थोडं परत चढू शकतं. पहिल्या महिन्यात सोबत करणारी माणसं पुष्कळ असतात. तिसऱ्या वर्षी कोण असेल, त्याचा विचार आत्ता करायचा.

दवाखान्यातली बैठक

आमच्या दवाखान्यात महिन्यातून एका शनिवारी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये रुग्ण जमायचे. आहारतज्ज्ञ समोर, तीस-चाळीस खुर्च्या, बरोबर घरचं एखादं माणूस. या बैठकीची बरोबरी फोन करू शकत नाही, कारण इथे तुम्हाला माणूस पूर्ण दिसतो. पन्नास किलो उतरवलेल्या एका बाईंनी बाही वर सारून दंडाची लोंबणारी कातडी दाखवली आणि म्हणाल्या, ‘हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते.’ फोनवर येणाऱ्या आधी-नंतरच्या फोटोंत ती कातडी नसते. शिवाय आहारतज्ज्ञ तुमचा रिपोर्ट हातात घेऊन बोलतात. माझं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, घसरल्याचं तिथेच लक्षात आलं, आणि लोह व कॅल्शियमच्या गोळ्या मी एकत्र घेत होते ती चूकही तिथेच कळली. दोन्हींमध्ये किमान दोन तासांचं अंतर हवं, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही.

उणं काय? एक तर अंतर. इंदूरच्या दवाखान्यांत रुग्ण खंडव्याहून येतात, बऱ्हाणपूरहून येतात. दर महिन्याला दोन तासांच्या बैठकीसाठी कोण येणार? दुसरं मला जास्त खटकलं. बैठकीला ऑपरेशनचा विचार करणारी नवी मंडळीही बोलावलेली असत, त्यामुळे माइक आधी यशस्वी माणसांच्या हातात जायचा. ज्याचं वजन परत चढलं तो शरमेनं येतच नव्हता. खरं तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी काय होतं हे ऐकायला मला तोच माणूस हवा होता.

फोनवरचा गट

तो माणूस मला फोनवर भेटला. तोंड दाखवावं लागत नाही म्हणून त्यानं अकरा किलो परत चढल्याचं मोकळेपणानं लिहिलं. संध्याकाळी दुकानात बसून शेव आणि चहा कसा सुरू झाला, तेही लिहिलं. मऊ, कुरकुरीत, चहाबरोबर सहज उतरणाऱ्या पदार्थांना ही छोटी पिशवी अडवत नाही, हे मला त्याच्याकडून समजलं. पोळीचे चार घास अडतात, पण शेवेची वाटी हा हा म्हणता संपते.

गटाचं दुसरं बळ म्हणजे वेळ. पाचव्या महिन्यात गुढीपाडव्याला मी दोन चमचे श्रीखंड खाल्लं. वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, घाम फुटला, पोटात मुरडा आला, आडवं व्हावंसं वाटलं. घरी सगळे घाबरले. मी थरथरत्या बोटांनी गटात लिहिलं आणि पाच मिनिटांत तीन उत्तरं आली. पहिलं असं: ‘साखर खाल्लीस का?’ त्याला डंपिंग म्हणतात. गोड पदार्थ पिशवीत न थांबता थेट आतड्यात उतरतो आणि पाणी आत ओढून घेतो. हे जेवणानंतर दहा ते तीस मिनिटांत होतं. दुसरा एक प्रकार एक ते तीन तासांनी होतो, त्यात रक्तातली साखर खाली येते आणि हातपाय कापतात. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं होतंच. पण त्या दुपारी मला ‘मलाही झालंय, अर्ध्या तासात उतरेल, पडून राहा’ हे सांगणारं माणूस हवं होतं, आणि पुढची बैठक एकोणीस दिवसांवर होती.

आता कुठला गट, हा निर्णयाचा खरा भाग आहे. परदेशातले इंग्रजी गट मोठे असतात, जुने असतात, रात्री दोनलाही कुणीतरी जागं असतं. मी सुरुवात तिथेच केली. पण तिथलं वजन पौंडात. शंभर पौंड उतरले वाचून मी स्वतःला कोसत बसले होते, ते ४५ किलो होतात. ब्रिटनमधली बाई रक्तातली साखर ५.५ लिहिते, आपल्या मापात ती जवळपास १०० होते. आणि जेवणाचं तर काहीच जुळत नाही. आपल्या बोलीतला छोटा गट मिळाला तेव्हा मला हायसं वाटलं. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं घ्यायची तर एका अंड्यात सहाच ग्रॅम असतात, पातळ वरणाच्या वाटीत त्याहूनही कमी, म्हणून डाळ घट्ट घोटा, दह्याचा चक्का बांधा, पनीर किसून घाला, सकाळच्या पोह्यांवर भिस्त ठेवू नका. हे सांगायला स्वयंपाकघर एक असावं लागतं. जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी प्यायचं नाही, हा नियम सगळीकडे सारखाच आहे. पण पानाशेजारी तांब्या-भांडं ठेवण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय मोडायची कशी, हे बऱ्हाणपूरच्या एका आजींनीच सांगितलं: तांब्या दुसऱ्या खोलीत ठेवा.

धोकाही इथेच आहे आणि तो मी सौम्य करून सांगणार नाही. आमच्या गटात एका मुलीनं लिहिलं, तीन आठवड्यांपासून रोज उलट्या होताहेत. सात-आठ जणांनी प्रेमानं लिहिलं, ‘होतं गं, मलाही व्हायचं, नीट चावून खा.’ एका जुन्या सभासदानं मात्र थेट फोन लावला आणि आजच्या आज दवाखान्यात जायला लावलं. सतत उलट्या होत राहिल्या तर शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१, काही आठवड्यांतच संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ‘मलाही झालं’ हे गटाचं सगळ्यात मोठं बळ, आणि त्या दिवशी त्याच दोन शब्दांनी घात झाला असता. दाढदुखीचंही तसंच. गटात कुणी सहज कॉम्बिफ्लाम सुचवते, त्यात आयबुप्रोफेन असतं, आणि बायपासनंतर अशा वेदनाशामकांनी पिशवी आणि आतड्याच्या जोडावर अल्सर होण्याचा धोका वाढतो. मधुमेहाच्या गोळ्यांचा डोस ऑपरेशननंतर काही दिवसांतच कमी करावा लागू शकतो, पण तो कमी करायचा डॉक्टरांनी. केस गळणं, वास नकोसे होणं, वजनाचा काटा आठवडाभर न हलणं, हे गटाला विचारा. औषध, सतत उलटी, ताप, नाडी १२० च्या वर, धाप, खांद्यात दुखणं, हे गटाला विचारू नका. आणि वर्ष-दोन वर्षांनीही पोटात अचानक जोराची कळ आली, तर आतडं अडकलेलं असू शकतं. थेट इमर्जन्सीत जा आणि तिथल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य बायपास झाल्याचंच सांगा.

गट निवडताना मी तीन गोष्टी बघते. पावडर आणि गोळ्या विकणाऱ्याला तिथे थारा आहे का? असेल तर मी निघते. पाच वर्षं झालेलं कुणी अजून बोलतंय का? आणि चुकीचा सल्ला आला की थांबवणारं, शक्यतो आहारतज्ज्ञ असलेलं, कुणी आहे का?

गुप्ततेचं म्हणाल तर इंदूरचा मराठी समाज एकमेकांना धरून आहे, हे सुख आहे आणि अडचणही. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि त्यातलं कुणी तुमच्या आतेभावाची शेजारीण निघू शकते. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो. घरात लग्नाची मुलगी आहे म्हणून ऑपरेशन लपवणाऱ्या बाया मला माहीत आहेत. त्यांना दोष देत नाही. त्यांनी नंबर न दिसणारी जागा निवडावी, पण एकटं राहू नये.

घर

घराबद्दल थोडंच सांगते, कारण ते निवडता येत नाही. सासूबाईंनी सुरुवातीला पुरणपोळी ताटात वाढून ‘एवढीशी तर आहे’ म्हटलं, मी रडले. मग मी त्यांना एकदा बैठकीला बरोबर नेलं. परत येताना राजवाड्यापर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून माझी डाळ त्या वेगळी घोटू लागल्या, आणि आजही घोटतात. घरचं माणूस गटात घालू नका, तिथे तुम्हाला त्यांच्याबद्दलही बोलायचं असतं. बैठकीला मात्र न्याच.

तर इंदुरातच राहत असाल तर पहिलं वर्ष बैठक चुकवू नका आणि जोडीला आपल्या भाषेतला एक छोटा गट धरा. बाहेरगावी असाल तर गट हाच रोजचा आधार, पण मग तीन, सहा, बारा महिन्यांच्या तपासण्यांच्या तारखा आधीच लिहून ठेवा, त्यांच्या बदल्यात गट चालणार नाही. इंग्रजी सराईत असेल तर मोठा परदेशी गट वाचायला ठेवा, विचारायला नको. घरी कुणी पाठीशी नसेल तर मी गटालाच अधिक वजन देईन, आणि मन सतत खचलेलं वाटलं तर समुपदेशकाला, तेही उशीर न करता.

गटात शिरायचं ते ऑपरेशनच्या आधी. बऱ्याच ठिकाणी शेवटचे दोनेक आठवडे यकृत आक्रसावं म्हणून पातळ आणि कमी उष्मांकाचा आहार देतात. भूक लागलेली असते, पोटात गोळा आलेला असतो, प्रश्न मनात दाटलेले असतात, पण वाचायला आणि विचारायला हात मोकळे असतात. ऑपरेशननंतर पहिला आठवडा मला तर फोन फार वेळ धरवतही नव्हता. त्या आठवड्यात गटातल्या त्या आजींनी रोज सकाळी एकच ओळ पाठवली, ‘आज किती घोट पाणी गेलं?’ आणि मी रोज त्यांना आकडा कळवला.