सोलापूरच्या थंडीत घरी ठेवाव्यात अशा परवडणाऱ्या वाइन

सोलापुरात वाइन घ्यायची ती दिवाळीनंतर. आणि बाटली हातात आली की किमतीच्या आधी मागचं लेबल वाचायचं, कारण बाटली कोणत्या महिन्यात भरली ते तिथं छापलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर जातो. दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली, एसी असेलच असं नाही आणि वरच्या फळीवरची बाटली ते दोन महिने तशीच उभी. असा उन्हाळा काढलेली वाइन कितीही नामांकित असली तरी तिच्यातला ताजेपणा गेलेला असतो. मागच्या वर्षी एका दुकानातून अशी एक बाटली घरी आली होती. बूच काचेच्या कडेच्या वर सरकलेलं, गळ्याला चिकट ओघळ, रंगात विटकरी झाक आणि चवीला नुसतं मनुका उकळलेलं पाणी. ती ओतून द्यावी लागली. म्हणून माझा नियम सरळ आहे: पांढरी वाइन ताज्यात ताजी, आणि लाल घेताना बूच व गळा नीट बघूनच.

माझं माहेर नान्नजच्या बाजूचं, घरची बाग सोनाका या खायच्या द्राक्षाची. हे सोनाका नान्नजच्याच नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडून काढलेलं, त्यामुळे आमच्या भागात द्राक्षाबद्दल बोलताना लोकांचा आवाजच बदलतो. खायच्या द्राक्षाला आम्ही जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड हे वाढीचं संजीवक) देऊन मणी लांबवतो, घड विरळतो, साल पातळ ठेवतो आणि बी तर नकोच. वाइनच्या द्राक्षाचं सगळं उलटं. मणी लहान, साल जाड, आत बिया. लाल वाइनचा रंग सालीतून येतो, तुरटपणा सालीतून आणि बियांतून. गोडीही जास्त लागते, 22-24 ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातली साखर मोजायचं माप), कारण त्याच साखरेचं पुढं अल्कोहोल होतं. हे कळलं की ‘वाइन तुरट का लागते’ असं कुणी विचारत नाही. चांगल्या लाल वाइनला तुरटपणा हवाच, फक्त तो जिभेवर स्वच्छ उतरला पाहिजे.

या हिशेबात थंडीसाठी माझी पहिली पसंती आपल्याच जिल्ह्यातल्या वाइनला आहे: अकलूजच्या फ्रातेल्ली या वाइन कंपनीची सान्जोव्हेसे ही लाल वाइन. सान्जोव्हेसे हे मूळचं इटलीतल्या टस्कनीचं द्राक्ष. कियांती नावाची तिथली प्रसिद्ध वाइन मुख्यत्वे याचीच करतात, आणि अकलूजच्या वाइनमागे टस्कनीचेच वाइनमेकर पिएरो मासी आहेत. माळशिरस तालुक्यात मोटेवाडी, गारवाड, निमगावला त्यांच्या बागा आहेत. सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवर पिकलेलं द्राक्ष आपल्या ताटाशेजारी येतं याचं मला मनापासून अप्रूप आहे, पण शिफारस त्यासाठी करत नाही. ही वाइन मुळात आंबटसर आहे. रंग फार गडद नाही, ग्लास तिरका धरला तर पलीकडची बोटं दिसतात. पहिल्या घोटाला पिकत आलेल्या करवंदासारखी लागते, मग मागून हलका तुरटपणा येतो आणि तोंड लगेच पुढच्या घासाला तयार होतं. आपल्या काळ्या तिखटाच्या मटणाला हेच हवं असतं. रश्श्यावरची तर्री जिभेवर बसते आणि तो आंबटपणा ती धुऊन काढतो. मटणाच्या चरबीपुढं तुरटपणाही मऊ होतो.

डिसेंबरात माहेरून अण्णा आमच्याकडं जुळे सोलापूरला राहायला आले होते. कडक भाकरी कुस्करून मटणाच्या रश्श्यात जेवत होते, तेव्हा थोडी ग्लासात ओतून पुढं ठेवली. त्यांनी आधी वास घेतला, मग ग्लास दिव्यासमोर धरून रंग बघितला, बागेत घड बघतात तसाच. एक घोट घेऊन म्हणाले, “तुरट आहे गं, पण स्वच्छ आहे. साल चांगली पिकलेली दिसतीय.” “अण्णा, आवडली का पण?” विचारलं तर उत्तर न देता ग्लास पुढं केला.

फक्त रश्श्यातलं तिखट जपून घाला. अल्कोहोल आणि तुरटपणा, दोन्हींनी तिखटाची आग वाढते. झणझणीत खायचंच असेल तर लाल सोडा आणि सुलाची शेनिन ब्लां ही पांढरी वाइन घ्या. नाशिकच्या सुलाने 2000 साली ज्या पहिल्या वाइन बाजारात आणल्या, त्यांतली ही एक. किंचित गोडसर असल्याने तिखट शांत करते. हुरड्याला तर मला हीच हवी. गरम हुरडा, वर उखळात कुटलेली शेंगाचटणी, त्यातला लसूण आणि सुटलेलं तेल, आणि सोबत चांगली गार शेनिन. शेंगदाण्याच्या तेलकटपणात तिचा आंबटपणा इतका छान मुरतो की पांढरी वाइन फक्त उन्हाळ्याची असं म्हणणाऱ्याला मी हुरड्यालाच बोलावीन. फिरकीच्या झाकणाची असल्याने शेतात बूच काढायचा स्क्रू शोधत बसावं लागत नाही.

शिराज या काळ्या द्राक्षाची लाल वाइन आवडणाऱ्यांसाठी फ्रातेल्लीचीच साधी शिराज आहे. वासाला काळी मिरी, अंगाने सान्जोव्हेसेपेक्षा भरदार. शीक कबाबाला उत्तम, रोजच्या वरणभाताला जड. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराज ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली असते आणि त्याहून वरची आहे, पण किमतीनेही वरची. पाहुणे येणार असतील तेव्हा घ्यावी, आठवड्याच्या जेवणाला नको.

किंमत दरवर्षी हलते, छापील बघूनच घ्या. अंदाज म्हणून सांगते: दिंडोरी सोडली तर इथं वर सांगितलेल्या बाटल्या दोघांनी बाहेर मटणाचं ताट खाल्लं तर जेवढे पैसे होतात त्याच्या आतबाहेर येतात. एक बाटली 750 मिलीची. आम्ही दोघं ती दोन-तीन संध्याकाळी पुरवतो, उरलेली झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये. तीन-चार दिवस चव टिकते, नंतर ती सपाट होत जाते.

दुकानात लाल वाइन मागितली की काउंटरवरचा मुलगा हमखास विचारतो, “ताई, गोड पाहिजे का?” कारण इथं लाल म्हणजे पोर्ट हेच बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. पोर्ट स्वस्त असते, गोड असते, कडक असते. जेवणाबरोबर मात्र ती चालत नाही, दोन घासांत तोंडाला मिठी बसते. पहिल्यांदा घेणाऱ्यांनी पोर्टवरून वाइनची परीक्षा करू नये एवढं कळकळीनं सांगते. आणि थंडीत ‘अंगात ऊब राहावी’ म्हणून कुणी घेत असेल तर तसं होत नाही. अल्कोहोलने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं, पण शरीरातली उष्णता उलट बाहेरच जाते. रात्री शेतात हुरड्याला बसलात तर सोलापुरी चादर अंगावर हवीच.

लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला आपल्याकडं तसाच्या तसा पाळू नका. ती 16 ते 18 अंशांना छान लागते, आणि आपल्या घरात जानेवारीतही संध्याकाळी त्याहून जास्त असतं. जेवणाआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. नुसत्या एवढ्यानं साध्या बाटलीतला अल्कोहोलचा झोंबणारा वास बसतो आणि फळ पुढं येतं.

तीन दिवसांपूर्वी उघडलेली लाल उरली असेल तर मी ती मसाला घालून गरम करते. दालचिनीचा तुकडा, तीन लवंगा, संत्र्याच्या सालीची पातळ पट्टी, चमचाभर गूळ, मंद आच. उकळी येऊ द्यायची नाही, अल्कोहोल पाण्याच्या आधीच, 78 अंशांना उकळतं आणि मसालाही कडवट होतो. कडेला बारीक वाफ दिसली की गॅस बंद. महागडी बाटली यासाठी वाया घालवू नका, साधी शिराज पुष्कळ झाली.

संक्रांतीच्या शेंगापोळीसाठी एक वेगळी बाटली सांगून ठेवते: सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून गोडी वाढवतात, मग उशिरा तोडतात. गोड पदार्थाबरोबरची वाइन त्या पदार्थाहून गोड असावी लागते, नाहीतर आंबट लागते. गुळाच्या पोळीपुढं ही टिकते. 375 मिलीची छोटी बाटली येते, चौघांना जेवणानंतर पुरते. चांगली गार करून छोट्या ग्लासात द्या. सगळ्या दुकानांत नसते, पण गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची गर्दी सुरू व्हायच्या आधी सांगून ठेवलं तर दुकानदार मागवून देतात.