नगरधनचा किल्ला: काय बघायचं आणि कसं बघायचं

राजवाडा बघायला म्हणून नगरधनला आलेली मंडळी अर्ध्या तासात हिरमुसून परत फिरतात. सजवलेले महाल इथे नाहीतच. वाकाटक या प्राचीन राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन ती हीच, पण ती जमिनीखाली आहे. वर दिसणारा तट-दरवाजा नागपूरकर भोसल्यांच्या काळचा. एवढं लक्षात ठेवून गेलं, तर नागपूरच्या आसपास याच्या तोडीची जागा नाही.

डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागाने 2015 ते 2018 मध्ये इथे उत्खनन केलं, त्यात राणी प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. वर ब्राह्मी अक्षरं आणि शंख. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी. पती वाकाटक राजा रुद्रसेन वारल्यावर लहान मुलांच्या नावाने तिनेच राज्य चालवलं. ओल्या मातीवर ठसा उमटवून खलिते बंद करत, म्हणजे ही वस्तू शोभेची नाही, चालत्या कारभाराची खूण आहे. पंधराशेहून जास्त वर्षांपूर्वी इथून एका बाईचा हुकूम चालायचा, हे मला तटबुरुजांपेक्षा मोठं वाटतं.

किल्ला भुईकोट, चौकोनी. वायव्येचा मुख्य दरवाजा अजून भक्कम आहे. बाहेरचा बुरुजांचा तट आणि वाड्याच्या इमारतींभोवतीची आतली भिंत, दोन्ही वेगवेगळी ओळखून बघा. आतली पायऱ्यांची विहीर चुकवू नका, तिथेच खाली देवीचं ठाणं आहे. खाली अंधार असतो, टॉर्च हवा. पावसाळ्यात दगड शेवाळतात, गवत कमरेला लागतं. चपलेवर जाऊ नका.

जबलपूर रोडने मनसर, तिथून उजवीकडे रामटेक, रामटेकच्या दक्षिणेला 8-9 किलोमीटरवर नगरधन. एसटी रामटेकपर्यंत सोयीची. पुढे ऑटो करताना जाऊन-येऊन भाडं आणि थांबायचा वेळ आधीच ठरवा, परतीला गाडी मिळेलच याचा भरवसा नाही. पाणी आणि डबा सोबत ठेवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी निघालात, तर रामटेकच्या टेकडीवरचं केवल नृसिंह मंदिर त्याच दिवशी होतं. तिथल्या शिलालेखातही प्रभावतीगुप्ता आहे. येताना मनसरला हिडिंबा टेकडीपाशी उतरा. प्रभावतीगुप्तेच्या मुलाची, दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच असं काही संशोधक मानतात, आणि वाकाटकांच्या विटांच्या वाड्याचा पाया तिथे उघड्यावर बघायला मिळतो. एप्रिल-मे मात्र टाळाच, तटावर सावली नाही.