आत्मकथन आधी की मार्गदर्शक पुस्तक आधी? ऑटिझम आणि एडीएचडीवरील वाचनाचा तुलनात्मक आढावा

आपल्याला ऑटिझम (स्वमग्नता) किंवा एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता) असावा अशी शंका मोठ्या वयात येते, तेव्हा अनेक जण सर्वांत आधी पुस्तकाकडे वळतात. तज्ज्ञांकडे जाणे आणि घरच्यांशी बोलणे हे बहुधा त्यानंतरचे असते. अशा वाचकासमोर मुख्यतः दोन प्रकारची पुस्तके येतात: ज्यांना ऑटिझम किंवा एडीएचडी आहे त्यांनी स्वतःच्या आयुष्याविषयी लिहिलेली आत्मकथने, आणि मानसोपचारतज्ज्ञांनी किंवा मानसशास्त्रज्ञांनी लिहिलेली मार्गदर्शक पुस्तके. यांतले आधी कोणते घ्यावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण पहिल्या पुस्तकात स्वतःचे प्रतिबिंब दिसले की नाही, यावर पुढे तपासणीला जायचे की शंका मनातच दाबून टाकायची हे बऱ्याचदा ठरते, म्हणून त्याचा नीट विचार व्हायला हवा.

एकच अनुभव दोन्हीकडे कसा येतो ते पाहू. मार्गदर्शक पुस्तकात एडीएचडीच्या लक्षणांमध्ये ‘हाती घेतलेले काम अर्धवट राहते’, ‘दीर्घकाळ लक्ष द्यावे लागेल अशी कामे टाळली जातात’ अशा आशयाची वाक्ये असतात. ती चूक नाहीत, पण पाहणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली आहेत. आत्मकथनात त्याच लक्षणाच्या जागी एखादे न पाठवलेले उत्तर असते. दोन ओळी लिहायच्या आहेत, काय लिहायचे ते ठाऊक आहे, लिहायची मनापासून इच्छाही आहे, तरी आठवडा उलटतो. मग उशिराची लाज वाटू लागते, त्या लाजेपायी तो निरोप पुन्हा उघडवत नाही, आणि ज्या माणसाला दुखवायचे नव्हते त्याच्याशीच अबोला होऊन बसतो. पहिले वाक्य वाचून वाचक म्हणतो की हे थोडेफार सगळ्यांचेच होते. दुसरे वर्णन वाचताना तो थांबतो, कारण ही गोष्ट त्याने आजवर कुणाला सांगितलेली नसते.

ऑटिझमच्या बाबतीतही असेच घडते. ‘सामाजिक संवादात अडचण’ हे शब्द वाचून, मित्रपरिवार असलेली आणि नोकरीत स्थिरावलेली व्यक्ती स्वतःला लगेच बाजूला काढते. पण फोन करण्याआधी पहिली तीन वाक्ये मनात घोळवून ठेवणे, समोरचा काही वेगळेच बोलला तर काय उत्तर द्यायचे तेही आधी ठरवणे, आणि पाच मिनिटांच्या बोलण्यानंतर तासभर एकटे बसावे लागणे, हे कुणी प्रथमपुरुषी लिहिलेले वाचले की त्याच व्यक्तीला जाणवते की आपली अडचण बाहेरून दिसत नसली, तरी तिच्यासाठी मोजलेली किंमत खरीच होती.

हा फरक केवळ लेखनशैलीचा नाही. ऑटिझमचे सुरुवातीचे वर्णन करणारे मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांच्या १९४३ च्या प्रसिद्ध निबंधात अकरा मुले होती, त्यांपैकी आठ मुलगे. बालरोगतज्ज्ञ हान्स ॲस्पर्गर यांनी १९४४ मध्ये सविस्तर वर्णन केलेली चारही मुले मुलगेच होती. सुरुवातीला ज्यांच्याकडे पाहिले गेले, त्यांच्यावरून लक्षणांचे चित्र तयार झाले आणि ते पुढे दीर्घकाळ टिकले. त्यामुळे आपले वागणे झाकायला लहानपणीच शिकलेल्या अनेक स्त्रिया जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत स्वतःला शोधूनही सापडत नाहीत. ही उणीव प्रामुख्याने आत्मकथनांनी भरून काढली, आणि माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे मोल इथेच आहे.

असे असले तरी, प्रतिबिंब दिसणे आणि निदान होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना ‘तुमच्या चाचणीवरून काढलेले स्वभाववर्णन’ म्हणून एकच मजकूर वाटला होता, आणि तो स्वतःला किती लागू पडतो याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी चारहून अधिक गुण दिले होते. गुळमुळीत वर्णन कुणालाही आपले वाटते. हा धोका लक्षणांच्या लांबलचक याद्या देणाऱ्या लोकप्रिय पुस्तकांत सर्वाधिक आहे. नेमक्या, खासगी आणि काहीशा अडचणीच्या तपशिलात दिसलेल्या प्रतिबिंबाला मी त्याहून अधिक वजन देईन, पण पुरावा म्हणून नव्हे, तर पुढे चौकशी करण्याचे सबळ कारण म्हणून.

आत्मकथनाची मर्यादा उलट दिशेची आहे. ते एका माणसाचे असते, आणि वाचक त्याला सगळ्यांचे मानून बसतो. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या लेखिका टेंपल ग्रँडिन यांनी १९९५ च्या ‘थिंकिंग इन पिक्चर्स’मध्ये स्वतःच्या चित्रमय विचारपद्धतीचे विलक्षण बारकाईने वर्णन केले; परंतु ऑटिझम असलेले बहुतेक लोक असाच विचार करतात ही समजूत बरोबर नव्हती, असे पुढे अनेकांशी बोलल्यावर त्यांनीच नव्या आवृत्तीत नोंदवले. ज्या वाचकाच्या मनात चित्रे नव्हे तर शब्द किंवा आकृतिबंध येतात, त्याने पहिली आवृत्ती वाचून ‘म्हणजे मला हे नाहीच’ असा निष्कर्ष काढला असता, तर तो निष्कर्ष केवळ एका पुस्तकामुळे चुकला असता. एका आत्मकथनात आपण दिसलो नाही, तर त्यातून एवढेच कळते की आपण ते लेखक नाही.

मार्गदर्शक पुस्तकांची खरी ताकद आत्मकथनात सहसा नसलेल्या प्रश्नांत दिसते. लक्षणे लहानपणापासून होती का? ती घरी आणि कामावर, दोन्हीकडे दिसतात का? त्यांमुळे आयुष्यात प्रत्यक्ष अडथळा येतो का? आणि मुख्य म्हणजे, हे सगळे दुसऱ्या कशामुळे होत नाही ना? अपुरी झोप, चिंताविकार, नैराश्य, थायरॉइडचा त्रास किंवा मोठा मानसिक आघात यांमुळेही लक्ष विचलित होते आणि विसराळूपणा येतो. चांगले मार्गदर्शक पुस्तक या शक्यतांना स्वतंत्र प्रकरण देते. स्वतःची गोष्ट सांगणाऱ्या लेखकाला तसे करण्याचे कारण नसते. औषधांविषयीचे प्रश्न असतील तर आत्मकथनावर अजिबात विसंबू नये. एकाला लागू पडलेले औषध किंवा त्याची मात्रा दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

मार्गदर्शक पुस्तक घेताना मात्र प्रकाशनवर्ष आवर्जून पाहावे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली आणि बरेच काही बदलले. ॲस्पर्गर सिंड्रोम, म्हणजे भाषा आणि बुद्धीचा विकास मागे न पडलेला ऑटिझमसारखा प्रकार, हे वेगळे निदान राहिले नाही. एडीएचडीची लक्षणे सात वर्षांच्या आधी दिसलेली असावीत ही अट बारा वर्षांपर्यंत आली. प्रौढांसाठी सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी ठरली. माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा बदल असा की, ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदाने एकाच व्यक्तीला देण्याची मुभा मिळाली, जी आधीच्या आवृत्तीत नव्हती. ज्यांना दोन्ही आहे त्यांना त्याआधीच्या पुस्तकांत आपण अर्धे इथे आणि अर्धे तिथे दिसतो: एकीकडे ठरलेल्या क्रमाची तीव्र गरज, दुसरीकडे तोच क्रम पाळता न येणे. हा वाचकाचा गोंधळ नव्हे. पुस्तकांची विभागणीच तशी झालेली होती.

दोन्ही प्रकारांच्या सीमेवर काही पुस्तके आहेत, आणि निर्णय होत नसेल तर ती विचारात घेण्याजोगी आहेत. एडवर्ड हॅलोवेल आणि जॉन रेटी यांचे १९९४ चे ‘ड्रिव्हन टू डिस्ट्रॅक्शन’ हे स्वतः एडीएचडी असलेल्या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी लिहिलेले आहे. डेव्हन प्राइस यांचे २०२२ चे ‘अनमास्किंग ऑटिझम’ हे स्वतः ऑटिस्टिक असलेल्या सामाजिक मानसशास्त्रज्ञाचे आहे. पहिले मात्र २०१३ च्या आधीचे आहे, हे वाचताना लक्षात ठेवावे. कादंबऱ्यांचा विचार या निर्णयासाठी मी करणार नाही. त्या आनंदासाठी जरूर वाचाव्यात, पण त्यांतली पात्रे अनेकदा बाहेरून रचलेली असतात, आणि त्यांच्याशी स्वतःची तुलना करून फारसे हाती लागत नाही.

मग आधी काय? वर्षानुवर्षे आळशी, विक्षिप्त किंवा बेजबाबदार ठरवले गेल्याचे ओझे मनावर असेल, तर आत्मकथनापासून सुरुवात करावी. त्यानंतर लगेच दुसरे आत्मकथन घ्यावे, आणि ते पहिल्या लेखकापेक्षा वय, लिंग किंवा परिस्थितीने वेगळ्या असलेल्या व्यक्तीचे असावे. तपासणीची वेळ ठरलेली असेल, औषधाचा प्रश्न समोर असेल किंवा दुसऱ्या एखाद्या आजाराची शंका असेल, तर मार्गदर्शक पुस्तक आधी. सलग वाचन जमत नसेल, आणि एडीएचडीत ते अगदी स्वाभाविक आहे, तर छोट्या प्रकरणांचे मार्गदर्शक पुस्तक मध्येच कुठूनही उघडता येते. आत्मकथन श्राव्य स्वरूपात ऐकलेले अधिक सोपे जाते.

पुस्तक कोणतेही असो, खुणा केलेल्या ओळींशेजारी स्वतःचा प्रसंग लिहून ठेवावा: साधारण कोणत्या वयातला, कुठे घडला, तो आणखी कुणी पाहिला होता का. जिथे आपले पुस्तकाशी जुळत नाही, तेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहावे. तज्ज्ञांसमोर पुस्तकातला उतारा दाखवण्यापेक्षा हे टिपण ठेवले, तर त्यांना विचारण्यासारखे आणि पडताळून पाहण्यासारखे काहीतरी मिळते.